बोरी अरबची तार

आमच्या आत्याला जन्मभर दोनच गोष्टींची धास्ती. एक अडाण नदीच्या पुराची आणि दुसरी तारेची. पूर पावसाळ्यात केव्हाही येई. तार वर्षा-दोन वर्षांतून एखादी. पण दारात उभे राहून पोस्टमन 'तार आहे' म्हणाला की आत्या आधी मटकन खाली बसे, देवाला हात जोडी आणि मग विचारी, "वाच बाप्पा, कोन गेलं?" पोरगा पास झाल्याची, नातू झाल्याचीही तार येऊ शकते, यावर तिचा कधीच विश्वास बसला नाही. १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा ती बातमी मी तिला वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखवली. मला वाटले, जुन्या काळच्या आठवणीने तिला वाईट वाटेल. ती एवढेच म्हणाली, "बरं झालं. एक पीडा गेली."

अशा या बाईच्या अंगणात अकरा वर्षांनी मी वीस मीटर तांब्याची तार खांद्यावर टाकून उभा राहिलो, तेव्हा तिने माझे स्वागत कसे केले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

बोरी अरब हे यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातले गाव. यवतमाळहून दारव्ह्याला जाताना दारव्ह्याच्या अलीकडे लागते. बोरी नावाची गावे आपल्याकडे पुष्कळ, म्हणून 'अरब' हे उपनाम चिकटलेले. पण गावात आणि एस. टी.च्या कंडक्टरच्या तोंडी ते नुसते 'बोरी'च. नागपूरहून निघालो की वर्धा मागे पडते, कळंबला गाडीतूनच चिंतामणीला हात जोडायचे, आणि यवतमाळला उतरून दारव्ह्याची गाडी धरायची. यवतमाळच्या नावातच माळ आहे. हे शहर उंचावर बसले आहे आणि तिथून पश्चिमेकडे निघालेला रस्ता वळणे घेत, सागाच्या टेकड्यांना वळसे घालीत सखल मुलखात उतरतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास या वाटेने जावे. कापसाची बोंडे नुकती फुटू लागलेली असतात, तुरी कमरेपर्यंत येऊन पिवळ्या फुलांची वाट पाहत असतात, आणि सोयाबीनच्या मळणीचा भुसा रस्त्यावर असा उडत असतो की खिडकीपाशी बसलेला माणूस बोरीला उतरेपर्यंत अर्धा शेतकरी होतो.

लहानपणी आम्ही याच मुलखात दुसऱ्या वाहनाने येत असू. यवतमाळहून लाडखेड, दारव्हा, कारंजा करीत मूर्तिजापूरला जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी होती. लोक तिला लाडाने 'शकुंतला' म्हणत. १९२१ साली मँचेस्टरला घडवलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धापा टाकीत होते. मग डिझेलचे आले. आता ती गाडीही धावत नाही. पण तिच्या स्टेशनांवरचा तो तारेचा कडकट्ट आवाज माझ्या कानांत अजून आहे. स्टेशनमास्तर बोटाखालच्या पट्टीवर टकटक करीत आणि ती टकटक खांबाखांबांवरून तीस कोसांवर पोचे, याचे मला त्या वयात विलक्षण नवल वाटे. पुढे बँकेत चाळीस वर्षे आकडेमोड केली, पण ते नवल काही गेले नाही. निवृत्तीनंतर मी सरकारी परीक्षा देऊन हौशी बिनतारीचा, म्हणजे ज्याला सारे जग 'हॅम रेडिओ' म्हणते त्याचा, परवाना मिळवला. आमच्या घरची मंडळी या छंदाला 'गच्चीवरचे खूळ' म्हणतात. असो.

आत्याच्या घरात रेडिओ फार जुना. १६ जुलै १९४८ ला आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले आणि त्यानंतर काही वर्षांनी मामाजींनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, कापसाच्या चुकाऱ्यातून मर्फीचा सेट आणला. तेव्हा रेडिओ घेणे म्हणजे नुसती पेटी आणणे नव्हे. पोस्टात जाऊन त्याचा परवाना काढायचा, आणि घरावर एरियल चढवायची. शहरातल्या बिऱ्हाडकरूंनी भिंतीपासून भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी बांधून भागवले. पण मामाजींनी दोन उंच बांबू उभारून त्यांमध्ये तार ताणली होती. तिचे एक टोक खिडकीतून आत येई. दुसरी तार जमिनीत पुरलेली, तुळशीवृंदावनाच्या मागे. ती 'अर्थिंग'. माती ओली असली तर आवाज स्वच्छ येतो म्हणून मामाजी रोज स्नान झाल्यावर तुळशीला एक तांब्या आणि अर्थिंगला एक तांब्या पाणी घालीत. आत्या त्या दोन्ही जागी हळदकुंकू वाही. बाजारभाव, हवामान, कीर्तन आणि संध्याकाळच्या बातम्या ऐकायला निम्मी आळी ओट्यावर जमे.

१९५६ साली पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओवरची शेतकरी मंडळे स्थापली होती. नुसते ऐकायचे नाही, ऐकून झाल्यावर गावकऱ्यांनी चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे, असा तो प्रयोग. युनेस्कोने त्यात लक्ष घातले होते आणि पुढे देशभर तो नमुना म्हणून घेतला गेला. आमच्या वऱ्हाडात असे सरकारी मंडळ नव्हते, पण मामाजींच्या ओट्यावर चर्चा मात्र भरपूर होई. कमी होती ती एकाच गोष्टीची: रेडिओ बोरीला सांगे, पण बोरीला रेडिओवर काही सांगता येत नसे.

ही उणीव किती मोठी आहे, हे मला २०२३ च्या पावसाळ्यात कळले.

त्या जुलैत यवतमाळ जिल्ह्यावर पाऊस नुसता कोसळला. २२ तारखेला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढले आणि तिथल्या माणसांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली, हे वर्तमानपत्रांत साऱ्यांनी वाचलेच असेल. बोरीची बातमी वर्तमानपत्रात येण्याजोगी नव्हती. अडाणाला आणि ओढ्यांना पूर आला, वीज गेली, आणि वीज गेल्यावर काही तासांनी मोबाईलच्या मनोऱ्याची बॅटरीही संपली असावी. आत्याचा फोन लागेना. शेजारच्या गुरुजींचा लागेना. कोणाचाच लागेना. आत्याचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी. मामाजी जाऊन वीस वर्षे झालेली, मूलबाळ नाही, घरात एकटी. माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली, आणि त्यानंतरची पाच वर्षे मी याच घरात, याच बाईच्या हातचे खाऊन वाढलो. त्या रात्री मी नागपूरला फोनसमोर बसून होतो. माझ्या खोलीत एक यंत्र होते, ज्यावरून मी त्याच आठवड्यात जपानच्या एका गृहस्थाशी बोललो होतो. जपान ऐकू येत होता. बोरी अरब ऐकू येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी यवतमाळपर्यंत गेलो. पुढे रस्ता बंद. अडवलेल्या गाड्यांच्या रांगेत भिजत उभा राहिलो आणि प्रत्येक येणाऱ्याला विचारीत राहिलो. छत्तीस तासांनी फोन वाजला. आत्याचाच होता. "काहून रे, इतक्या डाव फोन केला? चार्जिंग संपवतं माह्यं!"

तिला काहीही झाले नव्हते. पाणी तिच्या ओट्यापासून चांगले दूर राहिले होते, आणि ते दोन दिवस तिने गुरुजींकडे जेवून, गुरुजींच्या बायकोला भाजीत तिखट कमी पडल्याचे ऐकवून घालवले होते. पण मला त्या छत्तीस तासांचा विसर पडला नाही. नागपूरला राहायला चल, असे मी तिला शेवटचे म्हणून सांगून पाहिले. ती म्हणाली, "इथं मले सारे ओळखतात. तिथं तुह्या फ्ल्याटात मले लिफ्टबी ओळखणार नाही." तेव्हा आत्या येत नसेल, तर तारच नेली पाहिजे, असे मी ठरवले.

इथे वाचकांच्या मनात एक शंका येईल. बिनतारी यंत्र लावायचे तर परवाना-परीक्षा कशाला? अमेरिकेत म्हणे लोक परीक्षेवाचून घरी आणि मोटारीत बोलण्याची यंत्रे लावतात. शंका रास्त आहे. तिकडे १९५८ साली २७ मेगाहर्ट्झची पट्टी सर्वसामान्य नागरिकांना खुली झाली. १९७३ च्या तेलटंचाईत तर पेट्रोल कुठे मिळते आणि पोलीस कुठे उभे आहेत हे एकमेकांना सांगण्यासाठी तिकडच्या ट्रकवाल्यांनी ती दणाणून सोडली. आपल्याकडेही २००५ पासून त्याच पट्टीतली ५ वॉटपर्यंतची छोटी यंत्रे परवान्याशिवाय वापरायला मुभा आहे. घर आणि शेत, किंवा दोन वस्त्या, एवढे काम त्यांच्याने होते. पण त्या लहरी मुख्यतः सरळ जातात. मध्ये टेकडी आली की संपले. बोरी आणि नागपूर यांच्या मध्ये तर टेकड्याच टेकड्या, आणि अंतर दीडशे किलोमीटरच्या पुढे.

हॅमच्या ७ मेगाहर्ट्झच्या लहरींची गोष्ट वेगळी. आपल्या डोक्यावर शंभर ते तीनशे किलोमीटर उंचीवर आयनमंडल आहे. सूर्याच्या किरणांनी तिथल्या विरळ हवेत वीजभारित कण तयार झालेले असतात. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ सरळ वर फेकल्या, तरी दिवसा हे मंडल त्यांना परत खाली वळवते, आणि त्या तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात पावसासारख्या पडतात. २७ मेगाहर्ट्झच्या लहरी तशाच वर फेकल्या तर त्या मंडल भेदून निघून जातात. अंगणात नळीने पाणी मारताना तोंड आडवे धरले तर कुंपण आडवे येते. आकाशाकडे धरले तर कुंपणापलीकडची झाडेही भिजतात. टेकड्यांचा प्रश्न असा सुटतो.

दुसरा प्रश्न माणसाचा. बोरीत यंत्रावर बसायचे कोणी? परवाना ज्याचा, त्यानेच बोलायचे, असा नियम. त्यासाठी केंद्राच्या दूरसंचार खात्याची परीक्षा. एक भाग रेडिओच्या शास्त्राचा, दुसरा नियमांचा. मी आत्याच्या ओट्यावर हे सांगत होतो, तेव्हा गुरुजींची मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. दारव्ह्याला कॉलेजात सायन्सला जाणारी, अबोल पोर. तिने विचारले, "काका, बायका देतात का ही परीक्षा?"

मी तिला भारती प्रसाद यांची हकीकत सांगितली. २००४ च्या डिसेंबरात या बाई हॅम मंडळींबरोबर अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. हेतू हौसेचा, त्या बेटांवरून जगाशी बोलायचे. २६ तारखेला समुद्र उसळला, बेटांचे फोन गेले, आणि ज्या यंत्रावर हौसेच्या गप्पा चालल्या होत्या, त्याच यंत्रावरून त्यांनी बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीला पोचवायला सुरुवात केली. आपल्या महाराष्ट्रातही ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळी यंत्रे घेऊन धावली होती. मुलगी काही बोलली नाही. पण महिन्याने तिचे पत्र आले: पुस्तके कोणती वाचावीत? वर्षभरात ती परीक्षा पास झाली, आणि यथावकाश गुरुजींच्या घराच्या पत्त्यावर तिचा परवाना आला.

म्हणून गेल्या दसऱ्यानंतर मी तारेचे वेटोळे घेऊन आत्याच्या अंगणात उभा होतो.

"हे काय आनलं?" आत्याने विचारले.

"तार आहे, आत्या. बिनतारी यंत्राची."

आत्याने माझ्याकडे नीट पाहिले. "बिनतारी म्हन्तो, अन् तार बांधतो? बँकेत असाच हिशेब ठेवत होता का रे?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि अजून नाही.

एरियलचे गणित मात्र सोपे आहे. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४२ मीटर. एरियल तिच्या निम्म्या लांबीची घ्यायची. तारेच्या टोकांचा परिणाम धरून १४३ ला ७.१ ने भागायचे, म्हणजे सुमारे २०.१४ मीटर. ती मधोमध तोडून दोन हात करायचे आणि मध्यावर यंत्राकडून येणारी केबल जोडायची. केबलचा मधला तंतू एका हाताला, बाहेरची जाळी दुसऱ्याला. जोडाच्या खाली केबलचेच पाचसात वेढे प्लॅस्टिकच्या नळीवर गुंडाळायचे, म्हणजे लहरी केबलच्या अंगावरून परत घरात उतरत नाहीत.

नागपूरहून निघताना मी लोखंडी मनोऱ्याचा बेत केला होता. एरियल जितकी उंच तितकी चांगली, हा आपला सर्वांचा समज, आणि हजारो मैल दूर बोलायचे असेल तर तो खराही आहे. पण आम्हाला लहरी वर फेकायच्या होत्या, आणि त्यासाठी तार लहरीच्या पाव लांबीपेक्षा, म्हणजे साडेदहा मीटरपेक्षा, खालीच बरी. गुरुजींच्या आणि आत्याच्या घरांमध्ये सामाईक भिंत आहे. तिथे सात मीटरचा बांबू उभा केला. एक हात गुरुजींच्या कोठ्याच्या कोपऱ्याकडे उतरवला, दुसरा आत्याच्या अंगणातल्या निंबाकडे. उलट्या 'व्ही'सारखा आकार झाला. टोकांना प्लॅस्टिकचे तुकडे आणि नायलॉनची दोरी. बोलताना टोकांशी विजेचा दाब फार असतो. तिथे कोणाचा हात पोचता कामा नये, म्हणून टोके तीन मीटरवर.

त्याआधी आणखी एक काम केले, आणि ते कोणीही घरावर काहीही उभारताना करावे. विजेच्या तारा कुठून जातात ते पाहिले. आमचा बांबू कोणत्याही बाजूला आडवा झाला, एरियलची तार तुटून वाऱ्याने उडाली, तरी ती विजेच्या तारांना लागणार नाही एवढे अंतर हवे. गुरुजींच्या गच्चीवरची जागा दिसायला झकास होती; पण रस्त्याकडची लाईन जवळ, म्हणून ती सोडली. छंदापायी जीव देणे यात कसलेही शौर्य नाही.

आता माझी फजिती. तार चढवून मीटर लावला. केबलमधून गेलेली शक्ती एरियलने स्वीकारली की परत पाठवली, हे त्यावर कळते. पाटाने पाणी सोडावे आणि पुढचा बांध नीट फोडलेला नसावा, मग पाणी तुंबून मागे येते, तसेच हे. मीटरचा आकडा १ आला तर सारे पाणी शेतात गेले. १.५ आला तर शंभरातले चार भाग परत आले. त्याची फिकीर नको. ३ आला तर पाव भाग परत, आणि यंत्राच्या जिवाला धोका. आमचा आकडा तीनच्या जवळ. शोधता शोधता कळले की तार ६.८५ मेगाहर्ट्झला जुळते आहे. उंची कमी, जवळ टिनाचे पत्रे आणि तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टण, यांमुळे ती आपल्या लांबीपेक्षा लांब असल्यासारखी वागत होती. म्हणजे तार थोडी कापायला हवी होती. किती, ते कागदावर मांडून मग कापायचे, हा शहाण्या माणसाचा मार्ग. मी अंदाजाने दोन्हीकडून अर्धा-अर्धा मीटर उडवला. आता ती ७.२ च्याही पलीकडे गेली!

निंबाखाली बसून तुरीच्या शेंगा नव्हेत, पण वाल सोलीत आत्या पाहत होती. म्हणाली, "शिंपी कापड कापाच्या आधी सात डाव मापतो. कापड उरलं त शिवता येते. कमी पडलं त ठिगळच लावा लागते."

ठिगळच लावले. मुलीने कागदावर गणित केले, दोन्ही बाजूंना साडेचौदा सेंटीमीटर तार डाखून जोडली, जोडावर पाणी शिरू नये म्हणून रबरी पट्टी गुंडाळली. मीटर लावला: १.३. त्या पोरीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसले. आणि पाचच मिनिटांत आकडा पुन्हा बिघडला. कारण शोधायला बाहेर गेलो, तर निंबाकडच्या दोरीवर आणि थेट तारेवर काठीने टाकलेले आत्याचे ओले लुगडे वाळत होते. "रिकामी तार दिसली, म्हून घातलं," ती म्हणाली.

विजांचे भय हे खरे भय. वऱ्हाडात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कशा पडतात, ते ज्याने शेतात पाहिले आहे त्याला सांगायला नको. आम्ही घराबाहेर जमिनीत तांब्याची कांब ठोकली, भोवती कोळसा आणि मीठ घातले, आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिची जाळी त्या कांबेला जोडली. पण खरा उपाय साधा आहे: ढग दिसले की केबल यंत्रातून काढून घराबाहेर ठेवायची. यंत्राला वीज १२ व्होल्टच्या बॅटरीची, आणि बॅटरी भरायला छपरावर सूर्याच्या उन्हावर चालणारी तबकडी. सरकारी वीज गेली काय नि आली काय. कांब ठोकायला जागा शोधताना कुदळीला काहीतरी लागले. तुळशीवृंदावनाच्या मागची, हिरवी पडलेली, जुन्या तारेची गुंडी होती. मामाजींची अर्थिंग. आत्याने ती हातात घेतली, पदराने पुसली आणि काही न बोलता आत नेली. नव्या कांबेपाशी संध्याकाळी हळदकुंकू दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मुलगी यंत्रासमोर बसली. हात कापत होते. नागपूरच्या एका स्नेह्यांना मी वेळ देऊन ठेवली होती. तिने आपली खूण इंग्रजी अक्षरांनी दोनदा उच्चारली, बटण सोडले, आणि खरखरीतून, जणू शेजारच्या खोलीतून यावा तसा, नागपूरचा आवाज आला. मध्ये ना मनोरा, ना खांब. वीस मीटर तार आणि वरचे आकाश. ओट्यावर जमलेल्या मंडळींत क्षणभर शांतता पसरली, आणि मला मामाजींच्या ओट्यावरची ती जुनी संध्याकाळ आठवली. आता बोरी बोलत होती.

आत्याला बोलायचे होते. मी नियम सांगितला. ती रागावली. "माह्या भाच्याशी बोलाले मी सरकारची परीक्षा देऊ?" संकट आले, पूर आला, तर हीच पोर तुझा निरोप पाठवू शकेल, एरवी मात्र परवानेदारांनी एकमेकांशी यंत्राच्या, हवेच्या गोष्टी बोलायच्या, असे समजावले. "म्हंजे पूर आल्यावरच मी खुशाल हाय ते कळन तुले," ती म्हणाली. मुलगी ऐकत होती.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रात्री आयनमंडल विरळ होते, मग ७ मेगाहर्ट्झवर दूरचे ऐकू येते आणि जवळचे हरवते; रात्रीसाठी याच्या दुप्पट लांबीची, ३.५ मेगाहर्ट्झची तार हवी. ती यंदा बांधायची आहे. सूर्यावर वादळे झाली तर सारेच गप्प. ही तार मोबाईलला पर्याय नाही. ती अडीअडचणीची शिदोरी आहे. पण शिदोरी जवळ असलेला माणूस वाटेत वेगळ्या धीराने चालतो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून मी नागपूरला गच्चीखालच्या खोलीत यंत्रासमोर बसलो. दिवाळीत एक नवाच त्रास असतो. स्वस्त दिव्यांच्या माळांच्या जोडण्यांतून असा काही गोंगाट निघतो की खरखरीपलीकडे काही ऐकू येत नाही. माझ्याकडे आमच्याच इमारतीचा होता. पण ठरल्या वेळी बोरीचा आवाज आला, स्वच्छ.

मुलीने रीतीप्रमाणे अहवाल दिला. बॅटरी १२.६ व्होल्ट. आकाश निरभ्र, थंडी पडू लागली आहे. मग किंचित थांबून ती म्हणाली, "एरियलच्या बांबूवर आकाशकंदील चढवला आहे. त्यामुळे मीटरचा आकडा बदललेला नाही. आमच्या बाजूला गोंगाट शून्य. कारण विजेच्या माळा लावू दिलेल्या नाहीत, दोन्ही ओट्यांवर तेलाच्या पणत्या आहेत. कंदिलाची दोरी पहाटे साडेचारला उठून जिने ओढली, ती परवानेदार नाही. ती सध्या माझ्या मागे उभी राहून, चकलीत तिखट कमी पडले आहे, असे म्हणते आहे."

नियमात कुठे बसते नि कुठे नाही, हे मी तपासायला गेलो नाही. हवेचा आणि यंत्राचाच अहवाल होता तो. मी तो वहीत तारीख-वेळ घालून टिपला, आणि स्वयंपाकघरात जाऊन घरच्या मंडळींना सांगितले, "बोरीहून तार आली आहे. सारे खुशाल."